धर्मशाळा, हॉटेल आणि समाजाचे देणे

ज्या समाजात अन्नाचा विक्रय हे हलके काम मानले जाई, त्याच समाजात अन्न आणि निवारा विकण्याचा धंदा पुढे एवढा वाढला की त्या धंद्याने समाजाचे किती देणे लागावे हा प्रश्न संसदेपर्यंत जाऊन पोहोचला. ह्या प्रवासाचा इतिहास आम्हास मोठा मनोरंजक वाटतो. आजच्या कंपन्यांच्या भाषेत ह्या देण्यास 'सामाजिक उत्तरदायित्व' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी ऋण जुने आहे, आणि ते फेडण्याच्या रीतींविषयीचे वादही जुनेच आहेत. किल्लारीच्या परिसरात हा विषय मांडावयाचा तर त्यास आणखी एक कारण आहे. सबंध देशाचे दान एकाच वेळी ज्या गावांच्या अंगावर येऊन पडले, ती गावे येथून हाकेच्या अंतरावर आहेत. दान देणाऱ्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दान घेणाऱ्याच्या अंगणातून तो कसा दिसतो हे येथे अधिक नीट कळते.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या दरबाराचे अधिकारी होते. दुष्काळ पडला, लोक अन्नान्न करीत दारी आले, आणि पंतांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटून टाकले, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. पुढे सुलतानाने हिशेब मागितला तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि त्याने धान्याची किंमत चुकती केली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. तथापि तिच्यात अर्थशास्त्राचा एक खडा प्रश्न दडलेला आहे. धान्य दामाजीपंतांचे नव्हते, ते धन्याचे होते. दुसऱ्याच्या मालकीच्या कोठारातून परोपकार करण्याचा अधिकार कारभाऱ्यास आहे काय? भक्तकथेने ह्या प्रश्नाचे उत्तर देवाकडून वदवून घेतले. कंपनीच्या संचालकास ही सोय नाही. त्याच्यासाठी भागधारकांच्या सभेत मोहरांची थैली घेऊन कोणी येत नाही.

ह्याच्या उलट अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण आहे. १७६७ पासून १७९५ पर्यंतच्या त्यांच्या कारभारात हिंदुस्थानभर घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिली. ह्या धर्मकार्याचा खर्च बाईंनी दौलतीच्या खजिन्यातून न करता आपल्या खासगीतून केला, हा त्यांच्या थोरवीचा भाग इतिहासकार आवर्जून नोंदवितात. दौलत आणि खासगी ह्यांचे हिशेब वेगळे ठेवणे हे साधे काम नव्हे. आजही अनेकांना ते साधत नाही.

आमच्या मराठवाड्यात तिसरी एक रीत नांदत आहे. गुरू गोविंदसिंहांचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. तेथील गुरुद्वारात लंगर चालतो. येणाऱ्याने पंगतीत बसावयाचे, मिळेल ते जेवावयाचे, आणि जमल्यास भांडी घासावयास हात लावावयाचा. येथे दाता आणि घेता हा भेदच पुसला जातो. जो आज वाढतो तोच उद्या बसतो. नांदेडला जाऊन लंगरात जेवला नाही असा मनुष्य लातुराकडे विरळा. पण त्या पंगतीचे अर्थशास्त्र कोणी फारसे तपासून पाहिलेले नाही.

हॉटेल ह्या सर्वांहून निराळे. हॉटेलात दाम मोजला की पाहुणा, नाही मोजला तर वाटसरू. ह्या रोखठोक व्यवहाराविषयी आपल्या जुन्या मंडळींस तिटकारा वाटे, आणि कोठलेतरी पाणी, कोणाच्यातरी हातचा चहा ह्या भीतीने तर हॉटेलाचे नावही घरात निघत नसे. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहाच्या पेल्यांवरून केवढे ग्रामण्य माजले हे सर्वविदित आहे. परंतु न्याय द्यावयाचा तर हॉटेलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्मशाळेत जात विचारली जाई. पैसा जात विचारीत नाही, निदान विचारू नये, अशी आशा हॉटेलाने प्रथम निर्माण केली. ती आशा खरी होण्यास मात्र कोणीतरी धक्का द्यावा लागला.

तो धक्का कोल्हापुरात बसला. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या चाकरीतील गृहस्थ. सवर्णांच्या पाण्यास स्पर्श केला ह्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि त्यासाठी साहाय्य केले. गंगारामांनी हॉटेल काढले, नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम; पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास येणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करीत, मोठ्याने चहा मागवीत, स्वतः पीत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींच्या हातीही पेले देत. छत्रपतींनी पेला तोंडास लावल्यावर बरोबरच्यांनी काय करावे? १९२२ च्या मे महिन्यात महाराज निवर्तले. पुढे त्यांचे स्मारक उभारण्यासाठी ज्यांनी प्रथम खटपट केली त्यांत हे गंगाराम होते.

ह्या प्रसंगावर आम्ही थोडे रेंगाळतो, कारण हॉटेलधंद्याच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हास ठाऊक नाही. महाराजांनी गंगारामांना नुसती देणगी दिली असती तर ती वर्षभरात संपली असती. त्यांनी भांडवल दिले, आणि त्याहून दुर्मीळ अशी गोष्ट दिली, ती म्हणजे गिऱ्हाईक. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांचे दार सर्व नागरिकांस उघडे केले. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने ते दार बंद करणे हा गुन्हा ठरविला. घटनेसारख्या ग्रंथात हॉटेलाचा नावाने उल्लेख यावा हे पाहून कोणास आश्चर्य वाटेल. पण ज्यांना चहा वेगळ्या कपात आणि दाराबाहेर मिळत असे, त्यांना ते कलम का हवे होते हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच काळात गाडगे महाराज खापर घेऊन हिंडत होते आणि लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा बांधीत होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्या उभ्या राहिल्या. पंढरपुरात जे यात्रेकरू इतरत्र ओसरीवरही टेकू शकत नसत, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बांधलेल्या वास्तूत स्वतः मुक्काम करावयाचा नाही हा बाबांचा नेम. त्यांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आजही आहे; कर्करोगाच्या उपचारांसाठी गावोगावाहून येणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती तेथे उतरतात. लातूर-नांदेडकडच्या किती घरांनी त्या धर्मशाळेचा पत्ता कागदाच्या चिटोऱ्यावर जपून ठेवला असेल!

आता मोठ्या हॉटेलाकडे येऊ. जमशेटजी टाटांनी मुंबईच्या बंदरावर बांधलेले ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. वॉटसनच्या हॉटेलात हिंदी माणसास मज्जाव झाला म्हणून चिडून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. ती ऐकावयास गोड लागते, पण तिला भक्कम पुरावा नाही. १८९६ पासून प्लेगने मुंबई पोखरून काढली होती. अशा शहरात भांडवल ओतून भव्य वास्तू उभी करणे ह्यात शहराविषयीचा विश्वास होता, एवढे मात्र म्हणता येते. पहिल्या महायुद्धात ह्याच हॉटेलाचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. हॉटेल आणि रुग्णालय ह्यांचे नाते तसे फार जुने आहे. युरोपीय भाषांत दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून निघाले आहेत.

टाटांच्या बाबतीत दामाजीपंतांचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सुटला. टाटा सन्स ह्या मूळ कंपनीचे सुमारे दोन-तृतीयांश भाग धर्मादाय विश्वस्त निधींच्या मालकीचे आहेत. म्हणजे कोठाराचा धनीच बव्हंशी धर्मादाय झाला. बाकीच्या जगात मात्र हा वाद रंगतच राहिला. अमेरिकेत हॉवर्ड बोवेन ह्यांनी १९५३ मध्ये व्यापाऱ्याच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर ग्रंथ लिहिला. १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन ह्यांनी त्याच्या नेमके उलट सांगितले: नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच धंद्याची जबाबदारी, दानधर्म ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करावा. अहिल्याबाईंच्या खासगीची आठवण येथे होते. अर्थात बाईंनी खासगी असूनही हात आखडता घेतला नाही, हा भेद फ्रीडमनच्या शिष्यांनी विसरू नये.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते. दगड आणि चिखल ह्यांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, अशी ह्या भागातील घरांची रीत. उन्हाळ्यात ती घरे थंड राहत. त्या पहाटे तीच माणसांच्या अंगावर आली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे दगावली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली.

पहिल्या दिवसांत जे अन्न आले ते कोणत्याही कायद्याने आले नाही. गावोगावाहून भाकरी, पुऱ्या, कपडे ह्यांचे ट्रक भरून आले. नंतरचे काम दीर्घ होते. ५२ गावे नव्या जागी वसवावयाची ठरली, २२ गावे जुन्या जागीच पुन्हा बांधावयाची, आणि तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरे दुरुस्त करून मजबूत करावयाची. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि १९९४ पासून कार्यक्रम सुरू झाला. शिवाय देशभरच्या संस्थांनी, कंपन्यांनी, वृत्तपत्रांनी गावे 'दत्तक' घेतली. केरळातील मल्याळ मनोरमा ह्या वृत्तपत्राने येथे एक गाव उभे केले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याकडे नेली. हे औदार्य खरे होते. त्यास नाव ठेवणाऱ्याने प्रथम स्वतः काय दिले ते सांगावे.

तरीही दत्तक ह्या शब्दापाशी आम्ही थबकतो. दत्तक मूल घेतात. शेकडो वर्षांचे नांदते गाव दत्तक कसे जाते? दात्याने गाव बांधले म्हणजे बहुधा दात्याच्या मनातील गाव बांधले. सरळ रेघांचे रुंद रस्ते आले, सारख्या आकाराच्या घरांच्या ओळी आल्या, नगररचनेच्या पुस्तकातील चौक आले. जुन्या गावातील वाडा, बोळ, परस, बैल बांधावयाची जागा, बायकांचे एकमेकींच्या दारातील बोलणे, हे नकाशात काढता येत नाही म्हणून राहून गेले. गुबाळला घुमटांची घरे बांधण्यात आली. भूकंपाच्या दृष्टीने घुमट उत्तम, ह्यात शंका नाही. पण गोल भिंतीला कणगी टेकवावी कशी आणि मुलाचे लग्न झाल्यावर खोली जोडावी कोठे, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राच्या पदवीत येत नाही. स्थलांतरित गावांत घरे तीन मापांची: भूमिहीनास आणि अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, सात हेक्टरांहून अधिक जमिनीच्या धन्यास ७५०. भूकंपाने सर्वांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. पुनर्वसनाने ज्याला त्याला जमिनीच्या मापाने पुन्हा आपापल्या जागी बसविले.

ह्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग, म्हणजे दुरुस्तीचा, आम्हास अधिक शिकविणारा वाटतो. तेथे पैसा हप्त्याहप्त्याने घरधन्याच्या हाती गेला आणि बांधकाम त्याने स्वतः पाहिले. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या द्वारा गावातील बायकाच संवाद सहायिका म्हणून पुढे आल्या; कोपऱ्यात लोखंड कोठे घालावयाचे, हप्ता कोणत्या कामानंतर मागावयाचा हे त्यांनी घरोघर समजावून सांगितले. ज्या बाईस पूर्वी ग्रामपंचायतीची पायरी ठाऊक नव्हती ती अभियंत्याशी वाद घालू लागली. गंगाराम कांबळ्यांस शाहू महाराजांनी जे दिले त्याच जातीचे हे देणे होते.

हॉटेलधंद्याने किल्लारीस काय दिले ह्याचा हिशेब येथे मांडण्यासारखा नाही. किल्लारीने त्या धंद्यास काय शिकवावे ते मात्र मांडण्यासारखे आहे. पाहुणचाराची सारी विद्या एका प्रश्नात सामावते: पाहुण्यास काय हवे? चांगल्या हॉटेलातील वाढपी तो दिवसातून शंभरदा विचारतो. तोच धंदा दान करावयास निघाला की हा प्रश्न विचारावयास विसरतो, आणि कार्यालयात बसून ताट वाढून मोकळा होतो.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी ताजवर हल्ला झाला. हॉटेलचे नोकर पाहुण्यांना मागील वाटांनी बाहेर काढीत राहिले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. त्या डिसेंबरात ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट स्थापन झाला. पीडितांना साहाय्य करताना हॉटेलच्या कुंपणाआतील आणि बाहेरील असा भेद त्याने मानला नाही. २०२० च्या करोनाच्या साथीत ह्याच ट्रस्टच्या साहाय्याने रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिका ह्यांना शिजवलेले जेवण पोहोचत होते, आणि ताजच्या काही हॉटेलांच्या खोल्या डॉक्टरांसाठी उघडल्या गेल्या. १९०३ च्या वास्तूचा इतिहास रुग्णालयाकडे दुसऱ्यांदा वळला म्हणावयाचे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हॉटेलाने ह्या वेळी आपल्याजवळ जे आहे, खोली आणि स्वयंपाकघर, तेच दिले. उसनी करुणा दाखविण्यासाठी त्यास दुसऱ्या कोणाचे काम शिकावे लागले नाही.

ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये कायदा आला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे असे ठरविले. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले. दामाजीपंतांच्या प्रश्नास राज्याने उत्तर दिले: कोठार उघडा, पण शंभरांतील दोनच पोती. ह्या कायद्याच्या यादीत आपत्तीनंतरचे पुनर्वसन स्पष्ट शब्दांत घालावयास २०१९ उजाडले. किल्लारीस तोवर सव्वीस वर्षे होत आली होती.

कायद्याच्या दोन अटी आम्हास विचार करावयास लावतात. कंपनीने जेथे आपला धंदा आहे त्या परिसरास अग्रक्रम द्यावा, ही पहिली. अट रास्त आहे. पण पंचतारांकित हॉटेले मुंबईत, गोव्यात आणि मोठ्या शहरांत. मग औसा तालुक्याच्या वाट्यास काय यावे? जेथे नफा, तेथेच परोपकार असा हा न्याय झाला. दुसरी अट अशी की, केवळ आपल्या नोकरांच्या हिताचा खर्च आणि नेहमीच्या धंद्यातील खर्च ह्यांत धरावयाचा नाही. पळवाट बुजविण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे एखाद्या हॉटेलाने भांडी घासणाऱ्या पोरास नीट पगार दिला, बारा तासांचे काम आठवर आणले, तर ते उत्तरदायित्वाच्या खात्यात कोठेच दिसत नाही, आणि शाळेस चार बाके देऊन काढलेले छायाचित्र दिसते.

पाण्याचेही तसेच. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी लातुरात आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते दिवस येथील कोणासही विसरता येणार नाहीत. हॉटेल म्हणजे रोज धुवावयाच्या चादरी, टॉवेल, भांडी, न्हाणीघरे. अशा धंद्याने तहानलेल्या गावातून किती पाणी उपसावे आणि किती परत द्यावे, हे त्याच्या देणगीच्या आकड्याआधी विचारले पाहिजे. मराठी मुलखात ह्या वाटेने प्रथम मोठे पाऊल विठ्ठल कामत ह्यांनी टाकले. मुंबईच्या विमानतळाजवळ १९९७ मध्ये त्यांनी 'ऑर्किड' उघडले. पाणी, वीज आणि कचरा ह्यांच्या बचतीवर उभे असलेले हे हॉटेल आशियातील पहिले पर्यावरणस्नेही पंचतारांकित हॉटेल म्हणून प्रमाणित झाले. बचतीमुळे खर्चही घटतो, म्हणून ह्यात कसला परोपकार, असे कोणी म्हणतात. घटू द्या. नफा झाला म्हणून वाचलेले पाणी खारट होत नाही.

शेवटी आपल्या गावातील धंद्याकडे पाहू. लातुरास पंचतारांकित हॉटेलांनी कधी नाव दिले नाही. 'लातूर पॅटर्न'च्या कीर्तीमुळे खेड्यापाड्यांतून हजारो मुले-मुली येथे शिकावयास येतात. त्यांची वसतिगृहे, मेस आणि खाणावळी हाच येथला खरा पाहुणचाराचा व्यवसाय. ५ कोटींच्या नफ्याचा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, पोहोचणारही नाही. सोयाबीन गेले त्या वर्षी महिन्याचे पैसे थकलेल्या मुलाचे ताट मेसवाला बंद करतो की त्याचे नाव उधारीच्या वहीत पुढच्या पानावर लिहून घेतो, हे कोणत्याही अहवालात छापले जात नाही. अशा वह्या सुगीनंतर बहुधा फाडून टाकल्या जातात. इतिहास लिहिणाऱ्यास त्या मिळाव्यात म्हणून कोणी चार-दोन जपून ठेवल्या, तर जिल्ह्याच्या ग्रंथालयाने त्या अवश्य मागून घ्याव्यात.